अठरा रविवार

सकाळी सहा

कोर्टाला सुट्टी, म्हणून रविवार मुलांचा. टेबलावर कालनिर्णय उघडून बसले आहे. बाहेर साताऱ्याचा जुलैतला पाऊस सुरू आहे. डाव्या हाताला कोरी वही आहे, तिच्यात आज रात्रीपर्यंत मुलांच्या सराव परीक्षांचं वेळापत्रक उतरायला हवं.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, म्हणजे ‘क्लॅट’, गेली तीन वर्षं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आहे: 3 डिसेंबर 2023, 1 डिसेंबर 2024, 7 डिसेंबर 2025. यंदाही पहिलाच रविवार, 6 डिसेंबर, धरून चालते. पुढच्या रविवारपासून मोजलं तर मध्ये अठरा रविवार उरतात.

ऐकायला भरपूर वाटतात. मग खोडायला सुरुवात होते. गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. म्हणजे आदल्या रविवारी घरोघरी साफसफाई आणि मखर, पुढच्या रविवारी पाहुणे. लक्ष्मीपूजन नेमकं रविवारी, 8 नोव्हेंबरला. ऑक्टोबरात कॉलेजची सत्र परीक्षा, तिच्या ऐन मधला रविवार गेला. चौदा राहिले. सण बाजूला ठेवून अभ्यास करा असं मी कुणालाच सांगत नाही. गौरी जेवायच्या दिवशी ज्या घरात मुलीला सकाळपासून स्वयंपाकघरात उभं राहायचंच आहे, तिथे तिच्या वहीत ‘पेपर क्रमांक पाच’ लिहून ठेवणं म्हणजे तिला न झालेल्या कामाचं ओझं देणं. वेळापत्रक मोडलं की मुलं स्वतःला दोष देतात आणि पुढचं पानही सोडून देतात. त्यापेक्षा तो दिवस मीच आधी खोडते.

अजून एक गोष्ट सकाळीच ठरवायची असते. खरे पेपर किती शिल्लक आहेत? ‘क्लॅट’चा आजचा साचा, म्हणजे 120 मिनिटांत 120 प्रश्न, 2024 च्या प्रवेशापासूनचा. त्याआधी 2020 ते 2023 या काळात 150 प्रश्न असायचे, आणि त्याहीपूर्वी 200, तेही अगदी वेगळ्या धाटणीचे. त्यामुळे आजच्या साच्यातले प्रत्यक्ष विचारले गेलेले पेपर तीनच आहेत. बाजारात सराव पेपरांना तोटा नाही, पण परीक्षा घेणाऱ्यांच्या हातचा उतारा, त्यातले जवळजवळ सारखे वाटणारे दोन पर्याय, ही चव या तीनच पेपरांत मिळते. ते जपून वापरायचे. पहिला आज, पाया किती आहे हे बघायला. दुसरा 25 ऑक्टोबरला. तिसरा 22 नोव्हेंबरला. मुलांना मे महिन्यातच बजावलं होतं की हे तीन उघडू नका, आणि त्यांनी ते पाळलं आहे. मला त्यांचा अभिमान वाटतो.

साडेसात

पोवई नाक्याजवळ झेरॉक्स. पेपर पाठपोट काढायचा, नाहीतर खर्च वाढतो. उत्तरपत्रिका मात्र एकेरी, जाड कागदावर. ‘क्लॅट’ कागदावर होते, गोल पेनने काळे करावे लागतात आणि काळा झालेला गोल परत पांढरा होत नाही. एका गोलाला चार सेकंद धरले तरी 120 गोलांना आठ मिनिटं लागतात. घरी मोबाईलवर सराव करणाऱ्याच्या हिशोबात ही आठ मिनिटं कधीच नसतात.

नऊ

मुलं जमली. एका निवृत्त शिक्षकांनी वरच्या मजल्यावरची खोली आम्हाला दिली आहे, तिथे रविवारी बसतो. कोरेगाव, रहिमतपूर, मेढा इथून मुलं एसटीने येतात. मुलींना अर्धं तिकीट झाल्यापासून दर रविवारी येणं काही घरांना परवडू लागलं आहे.

सकाळी पेपर नाही, फक्त वाचन. ‘क्लॅट’मध्ये उतारे साधारण साडेचारशे शब्दांचे. इंग्रजीचे, चालू घडामोडींचे, कायद्याचे, तर्काचे आणि गणिताचे सगळे धरले तर दहा हजार शब्दांच्या आसपास मजकूर होतो. मिनिटाला दीडशे शब्द वाचणाऱ्याची सदुसष्ट मिनिटं नुसत्या वाचण्यात जातात आणि 120 प्रश्नांसाठी त्रेपन्न उरतात. मिनिटाला दोनशे वाचणाऱ्याला सत्तर मिनिटं मिळतात. कायद्याचं डोकं दोघांचं सारखं असलं तरी दुसऱ्याचे गुण जास्त येणार.

म्हणून घड्याळ लावून प्रत्येकाला इंग्रजी अग्रलेख वाचायला दिला. वाचून झाल्यावर कागद उलटा करायचा आणि लेखक काय म्हणतो ते मराठीत दोन वाक्यांत सांगायचं. डोळे फिरले पण डोक्यात काही उतरलं नाही, तर ते वाचन मी मोजत नाही.

कोरेगावची एक मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. आज तिचा वेग मिनिटाला एकशे वीसच्या घरात आला. पण तिची दोन वाक्यं खोलीतली सर्वांत नेमकी होती. मूळ मुद्दा तिने पकडला होताच, लेखकाने सोडून दिलेली बाजूही तिने सांगितली. ही मुलगी वकील होणार याबद्दल मला शंका नाही. प्रश्न फक्त डिसेंबरपर्यंत तिचा वेग किती वाढेल एवढाच. तिच्या वहीत ऑगस्ट महिना पेपरांचा नसेल. रोज दोन उतारे, मोठ्याने न वाचता, बोट न फिरवता, वेळ लिहून. ‘क्लॅट’ इंग्रजीतूनच होते, तिथे पर्याय नाही. राज्याच्या विधी सीईटीत मराठीचा पर्याय आहे आणि तो तिच्यासाठी उघडा ठेवायचाच, पण त्या भरवशावर इंग्रजी वाचन ढिलं पडू द्यायचं नाही.

अकरा

एकेकाशी बोलणं. हा तास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण छापील वेळापत्रकात माणसाचा दिवस कधी दिसत नाही.

बारावी कॉमर्सचा एक मुलगा सकाळी वडिलांच्या किराणा दुकानात बसतो. त्याने कुठूनतरी एक तक्ता आणला होता, त्यात रोज पहाटे पाच ते सात पेपर. मी विचारलं, “खरी परीक्षा किती वाजता असते?”

“दुपारी दोन ते चार, मॅडम.”

“दुपारी दोनला तू काय करतोस?”

“जेवून पडतो जरा.”

दोन वाजता झोपायची सवय असलेल्या मुलाने पहाटे पाचला सोडवलेल्या पेपरचे गुण डिसेंबरच्या दुपारी कसे खरे ठरतील? पेपर ज्या वेळी असतो त्याच वेळी सराव व्हायला हवा. पहाट उताऱ्यांना आणि गणिताच्या तक्त्यांना द्यावी. पूर्ण पेपर मात्र दोन ते चारच, आणि जेवण साडेबाराच्या आत. हे त्याने लगेच मान्य केलं. वडिलांना रविवारी दुपारी दुकानात दुसरं कुणीतरी बसवावं लागेल, त्याबद्दल मी स्वतः त्यांच्याशी बोलणार आहे.

पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एक ताई तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी येतात. त्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे. राज्याच्या सीईटीत 120 प्रश्न, संगणकावर, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि कायद्याचे प्रश्न थेट माहितीचे. त्यांच्यासाठी जुने पेपर उपयोगाचे आहेत, पण एका अटीवर. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या पेपरात खुनाच्या शिक्षेचं कलम 302 येतं, आता ते 103 आहे. फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं. पेपर सोडवण्याआधी अशी कलमं बदलून घेतली नाहीत तर सरावातूनच चुकीचं पाठ होतं. ताईंनी हे काम आनंदाने अंगावर घेतलं. बदललेल्या कलमांची यादी त्या सगळ्यांसाठी करणार आहेत. संगणकाच्या सरावासाठी त्यांना मार्चपासून एखादी कॉम्प्युटर लॅब शोधून द्यायची आहे, कारण उतारा पडद्यावर सरकवत वाचणं आणि कागदावर वाचणं यांत फरक पडतो.

साडेबारा

डबे. वरण-भात, भाजी-पोळी. तळकट नको असं आधीच सांगितलं होतं.

दोन ते चार

पेपर सुरू. मोबाईल पिशवीत, पिशव्या दाराशी, भिंतीवर एकच घड्याळ. मधे उठायचं नाही, पाणी बाकावर.

मी मागे बसून प्रत्येकाचा क्रम टिपत असते. कोण कुठला विभाग आधी उघडतं, पहिल्या अर्ध्या तासात किती पानं उलटली, कोण एका प्रश्नावर अडून बसलं. किराणा दुकानवाला गणिताने सुरुवात करतो आहे. गणित त्याला आवडतं, पण या पेपरात ते दहा ते चौदा प्रश्नांचं. चालू घडामोडी आणि कायदा प्रत्येकी 28 ते 32 प्रश्नांचे आहेत. आवडीच्या दहा प्रश्नांवर त्याची पंचवीस मिनिटं गेली. याची नोंद केली. चालू घडामोडीत उत्तर एक तर माहीत असतं किंवा नसतं, तिथे रेंगाळायला जागा नाही. बहुतेकांनी तो विभाग आधी उरकलेला बरा, असं माझं मत आहे. पण क्रम प्रत्येकाने पहिल्या चार पेपरांत स्वतः शोधायचा आणि त्यानंतर बदलायचा नाही.

साडेतीनला खोलीत चुळबुळ वाढते. उरलेले प्रश्न बघून हात घाईने गोल भरू लागतात.

चार

चहा. उत्तरतालिका माझ्या पिशवीतच. “दाखवा ना मॅडम” हा आग्रह दर वेळी होतो आणि दर वेळी मी नाही म्हणते.

साडेचार ते सहा

आता खरं काम. प्रश्नपत्रिका पुन्हा हातात, या वेळी घड्याळ नाही. जे सोडले, ज्यात शंका होती, जे घाईने भरले, ते सगळे हिरव्या पेनने पुन्हा सोडवायचे. तालिका त्यानंतर. यातून एक गोष्ट स्वच्छ कळते: निवांत वेळ मिळाल्यावर जे बरोबर आलं ते वेगामुळे हुकलं होतं, आणि निवांत वेळ मिळूनही जे चुकलं ते समजलेलंच नव्हतं. या दोन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. तालिका आधी बघितली की दोन्ही चुका सारख्याच दिसतात, मुलं ‘अरे, हे येत होतं’ म्हणतात आणि पान उलटतात.

मग रोजनामा. कोर्टात प्रत्येक तारखेला काय घडलं ते रोजनाम्यात लिहिलं जातं, तशीच यांची एक वही आहे. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहायचं: उतारा नीट वाचला नाही, नियम समजला नाही, दोन पर्यायांत अडकलो, वेळ संपला, की माहितीच नव्हती. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द मी या वहीत चालू देत नाही, कारण त्यातून उद्या काय करायचं ते कळत नाही.

आजच्या पेपरआधी मी एक उतारा स्वतः रचून दिला होता, त्याचा इथे उपयोग झाला. उताऱ्यातल्या कल्पित राज्यात कायदा असा, की सोळा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याने शिकवणीसाठी केलेला करार बंधनकारक राहील. प्रश्न सतरा वर्षांच्या मुलाचा. खोलीतल्या सर्वांत जास्त वाचलेल्या मुलीने ‘करार रद्दबातल’ हा पर्याय निवडला. तिला 1872 चा करार कायदा माहीत होता, 1903 चा मोहोरीबीबीचा निकालही माहीत होता. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार सुरुवातीपासूनच शून्य, हे तिचं ज्ञान अचूक आहे. पण या परीक्षेत उताऱ्यात दिलेला नियम हाच कायदा. तिने रोजनाम्यात लिहिलं, ‘उताऱ्याबाहेरचं आणलं’. मला ही नोंद फार आवडली. पुढच्या तीन पेपरांत तिने फक्त याच एका नोंदीवर लक्ष ठेवायचं आहे.

अंदाजाने उत्तर द्यायचं की नाही, यावरही बरीच चर्चा झाली. ‘क्लॅट’मध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर सोळा प्रश्नांत सरासरी चार बरोबर, बारा चूक. चार गुण मिळतात, तीन जातात. म्हणजे नुसत्या अंदाजात फार काही मिळत नाही, पण तोटाही नाही. दोन पर्याय निश्चित खोडता आले तर मात्र सोळात आठ बरोबर, आठ चूक. हाती सहा गुण. शंका आली की प्रश्न सोडायचा, ही भीती मुलांच्या मनात कुणी घातली कुणास ठाऊक. दोन पर्याय खोडलेला प्रश्न सोडणं म्हणजे कमावलेलं टाकून देणं. राज्याच्या सीईटीत तर एकही प्रश्न रिकामा राहता कामा नये.

उत्तरतालिकाही डोळे झाकून मानायची नाही, हे मी त्यांना आत्ताच शिकवते. 2025 च्या प्रवेशाच्या ‘क्लॅट’ची तालिका कोर्टात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये दोन उत्तरं चुकीची ठरवली, पुढे प्रकरण खंडपीठाकडे गेलं आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ऑक्टोबरात तो पेपर सोडवल्यावर तेच वादग्रस्त प्रश्न घेऊन दोन गट करून युक्तिवाद करायचा, असं ठरलं. एका प्रश्नाने गुणवत्ता यादीत माणूस कुठल्या कुठे जातो. दोघांचे गुण समान आले तर कायद्याच्या विभागातले गुण बघतात, तेही समान असले तर वयाने मोठा असेल तो वर, आणि तरीही बरोबरी राहिली तर संगणकावर चिठ्ठी निघते. हे ऐकल्यावर मुलांनी कायद्याचा विभाग पुन्हा उघडला, मला सांगावं लागलं नाही.

सहा

पालक न्यायला आले. एका वडिलांनी मुलासाठी शंभर सराव पेपरांचं ऑनलाइन पॅकेज घेतलं आहे. त्यांनी मनापासून विचारलं, “मॅडम, रोज एक पेपर का नाही? पैसे भरलेत तर वापरायला नको?”

त्यांची काळजी खरी आहे. नुसता ‘क्लॅट’चा अर्जच खुल्या वर्गासाठी चार हजारांचा. त्यांना मी मुलाची वही दाखवली. दोन तासांच्या पेपरनंतर हिरव्या पेनला दीड तास गेला आणि रोजनामा अजून अर्धा बाकी आहे. तो उद्या संध्याकाळी पूर्ण होईल. जे नियम समजले नाहीत ते मंगळवार-बुधवारी पुन्हा वाचले जातील, आणि त्याच प्रकारचे पाच-सहा प्रश्न गुरुवारी. मग पुढचा पेपर. रोज पेपर घेतला तर कालच्याच चुका आज पुन्हा होणार, फक्त आकडे वेगळे दिसणार. ज्या पेपरच्या तपासणीला दिवस राखून ठेवला नाही तो पेपर माझ्या वेळापत्रकात जात नाही. या एका गोष्टीवर मी कुणाशीही तडजोड करत नाही. पॅकेजमधले पेपर वाया जाणार नाहीत. त्यांतले एकेक विभाग तोडून आठवड्याच्या मधल्या दिवसांत वापरू. त्यांनी वही बराच वेळ चाळली आणि “तुम्ही म्हणाल तसं” म्हणाले.

साडेआठ

घरी. आता वही भरता येते, कारण आता प्रत्येकाची चूक कुठल्या प्रकारची आहे ते माझ्यासमोर आहे. सकाळी फक्त तारखा होत्या.

ऑगस्टमध्ये दोनच पूर्ण पेपर, 9 आणि 23 तारखेला. उरलेले रविवार वाचनाचे आणि सुट्या विभागांचे. सप्टेंबरात 6 आणि 27. ऑक्टोबरात 4, 18 आणि 25. नोव्हेंबरात 1, 15, 22 आणि 29, शिवाय 18 आणि 25 तारखेचे दोन बुधवार, कारण दिवाळीच्या सुट्टीत दुपार मोकळी मिळते. आजचा धरून चौदा. 150 प्रश्नांच्या काळातले चार पेपर प्रत्येक विभागातले प्रश्न कमी करून 120 वर आणायचे, ते ऑगस्ट-सप्टेंबरात. अर्ज भरल्यावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून नमुना पेपर मिळतात, ते ऑक्टोबरासाठी राखले. 29 नोव्हेंबरचा शेवटचा पेपर मुद्दाम मध्यम अवघड निवडला. शेवटच्या आठवड्यात कठीण पेपर देऊन मुलांचा धीर खचवण्यात काय मिळतं ते मला कळलेलं नाही. 30 पासून पूर्ण पेपर बंद. फक्त रोजनामा वाचायचा, रोज दोन उतारे, आणि रोज दुपारी दोन ते चार जागं राहायचं. ज्यांना पुण्याचं केंद्र मिळेल त्यांनी शनिवारी दुपारीच पोहोचायचं.

दिल्लीच्या विधी विद्यापीठाची ‘आयलेट’ परीक्षा साधारण पुढच्याच रविवारी येते, 120 मिनिटांत 150 प्रश्न. ती दोघंच देणार आहेत. त्यांच्यासाठी मधले दिवस वेगळे लिहिले.

मग बारावीच्या मुलांचं. फेब्रुवारीत बोर्ड, त्याआधी प्रात्यक्षिकं. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेर एकही पेपर लावला नाही. पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, ही स्वप्नं राज्याच्या सीईटीवर अवलंबून आहेत आणि ती बोर्डानंतर होते. त्यासाठी एप्रिलमध्ये नवीन वही करू. नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं ‘क्लॅट’ने मिळतात. तिथे महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी जागा आहेत, हे कितीतरी घरांना ठाऊकच नसतं. अर्जासोबत रहिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, अशी ओळ मोठ्या अक्षरात लिहिली.

पावणेदहा

कोरेगावच्या मुलीचा मेसेज. ‘मॅडम, मंगळवारी शेतात भांगलण आहे, आईबरोबर जावं लागेल. त्या दिवशीचे दोन उतारे बुधवारी चार केले तर चालतील का?’

चार नको, बुधवारी तीनच कर, आणि राहिलेला एक शुक्रवारी, असं कळवलं. तिच्या पानावर तसा बदल केला आणि सगळ्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले.